बंदूक शेवटी घ्या

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ३६. मूळचे सातारा जिल्ह्यातले, गेली सात वर्षं विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनला नोकरी. एच-१बी व्हिसा. घरी पत्नी आणि आठ वर्षांची मुलगी. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचं व्हर्नन काउंटीत वडिलोपार्जित शेत आहे. तो दर वसंतात तिथे रानटर्कीच्या शिकारीला जातो आणि यंदा त्याने यांनाही बोलावलं आहे. जायची मनापासून इच्छा आहे. पण पत्नी म्हणते, "बंदूक या घरात येणार नाही." गावाकडे आई माळकरी. लहानपणी आई घरात असली की रविवारचं चिकन अंगणातल्या चुलीवर शिजायचं. तिला हे कळलं तर काय वाटेल, ही टोचणी आहे. "विकतचं चिकन चालतं तर हे का नको," असं ते स्वतःला समजावतात, पण समाधान होत नाही. विचारतात: बंदूक बारा गेजची घ्यावी की वीसची (गेज म्हणजे नळीच्या व्यासाचं माप, आकडा मोठा तशी नळी बारीक)? दोन महिन्यांत तयारी होईल का? आणि पहिल्याच सीझनला पक्षी मिळाला नाही, तर सहकाऱ्याला काय वाटेल?

नमस्कार,

बारा की वीस, हा तुमचा पहिला प्रश्न मी बराच पुढे ढकलणार आहे. त्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. तुमचा सहकारी शिकार करणाऱ्या घरात वाढलेला असला तरी ती त्याला ठाऊक असायचं कारण नाही, कारण त्याच्यावर ती वेळ कधी आलेलीच नाही.

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या, व्हिसावर असलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं बाळगणं हा गुन्हा आहे. एच-१बी, एच-४, एफ-१ सगळे त्यात आले. याला काही अपवाद आहेत. आपल्या कामाचा अपवाद असा की, अमेरिकेत रीतसर मिळालेला शिकारीचा परवाना तुमच्यापाशी असेल आणि त्याची मुदत चालू असेल, तर ही बंदी तुम्हाला लागत नाही. आता "बाळगणं" याचा अर्थ विकत घेणं एवढाच नाही. शेतावर गेल्यावर सहकाऱ्याने कौतुकाने बंदूक हातात दिली आणि तुम्ही डब्यावर दोन बार काढले, तर तेही त्यात येऊ शकतं. म्हणून क्रम पक्का ठेवा: आधी परवाना, मग बंदुकीला हात. विस्कॉन्सिनचा परवाना १ एप्रिल ते ३१ मार्च असा चालतो. तो संपला, नवा काढायचा राहून गेला आणि बंदूक तुमच्या कपाटात असली, तर तुम्ही पुन्हा बंदीत आलात. तुमचा इमिग्रेशनचा वकील असेलच. त्याला ईमेल करून लेखी उत्तर मागून घ्या. कोणत्या प्रकारचा परवाना या अपवादात बसतो, हेही त्यातच विचारा. ग्रीन कार्डच्या रांगेत इतकी वर्षं काढलेल्या माणसाने शेजाऱ्याच्या "काही होत नाही रे" वर विसंबू नये. हे मी तुमच्यासारख्या प्रत्येक वाचकाला सांगते आहे. आपल्या मंडळांमधून फिशिंग, कॅम्पिंग करत करत शिकारीकडे वळणारी मुलं मला दरवर्षी भेटतात, आणि दहातल्या नऊ जणांनी हे ऐकलेलं नसतं.

आता घरचं. पत्नीचं वाक्य तुम्ही जसंच्या तसं लिहिलंत, ते बरं केलंत. "शिकारीला जाऊ नकोस," असं त्या म्हणालेल्या नाहीत. "बंदूक या घरात येणार नाही," असं म्हणाल्या आहेत. तुम्ही ते सगळ्यालाच नकार म्हणून ऐकलंत आणि गेले काही आठवडे त्यावर अबोला धरून बसला आहात, असं पत्रावरून दिसतं. घरात आठ वर्षांची मुलगी आहे. त्या बाईंचं म्हणणं शंभर टक्के रास्त आहे, आणि तुमचा पहिला सीझन ते तंतोतंत पाळून पार पडू शकतो. नवशिक्याला स्वतःची बंदूक लागतच नाही. सहकाऱ्याची दुसरी बंदूक त्याच्याच शेतावर, त्याच्याच कुलूपबंद कपाटात राहील. तुम्ही तिथे जाल, त्याच्यासमोर वापराल, त्याच्याकडे परत द्याल. तुमच्या व्हिसाच्या दृष्टीनेही हेच सोयीचं. आज घरी जाऊन एवढं सांगा की, "तुझं ऐकलं, बंदूक येणार नाही." मग उरलेलं बोलणं सोपं होईल.

विस्कॉन्सिनमध्ये मेंटॉर्ड हंटिंग नावाची सोय आहे. १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला परवान्यासाठी हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र लागतं. पण अनुभवी शिकारी तुमच्यापासून हाताच्या अंतरावर बसणार असेल, तर त्याशिवायही पहिला सीझन करता येतो. तरीही माझा आग्रह आहे की कोर्स कराच, आणि शक्यतो प्रत्यक्ष वर्गात जाऊन करा. बंदूक रिकामी आहे हे कसं तपासायचं, कुंपण ओलांडताना ती कशी द्यायची-घ्यायची, हे स्क्रीनवर वाचून हातात येत नाही. एकदा मिळालेलं प्रमाणपत्र बाकीच्या राज्यांतही चालतं, म्हणजे उद्या नोकरी बदलून टेक्सासला गेलात तरी ते वाया जात नाही. राज्याचा वन्यजीव विभाग लर्न टू हंट नावाने नवशिक्यांचे कार्यक्रमही घेतो. ज्यांना तुमच्यासारखा शेतवाला मित्र नाही, त्यांनी तिथून सुरुवात करावी.

टॅगचंही, म्हणजे एक पक्षी मारायच्या परवानगीचंही, सांगून ठेवते. वसंतातला सीझन एप्रिलच्या तिसऱ्या बुधवारी सुरू होतो आणि सात-सात दिवसांचे सहा हप्ते मेअखेरपर्यंत चालतात. तुम्हाला एका विभागाचा, एका हप्त्याचा टॅग मिळतो. सोडतीचा अर्ज १० डिसेंबरलाच बंद झाला. पण उरलेले टॅग मार्चमध्ये विक्रीला येतात आणि मेमधले हप्ते बहुधा शिल्लक असतात. लोक पहिल्या हप्त्यावर उड्या मारतात. तुम्ही मेमधला घ्या. तोवर बऱ्याच माद्या अंड्यांवर बसलेल्या असतात आणि एकटा पडलेला नर हाकेला लवकर उत्तर देतो. शिवाय झाडं हिरवी झालेली असतात, नवशिक्याची चुळबुळ थोडी झाकली जाते.

इथपर्यंतची झाली कागदपत्रं. आता ज्या वाक्यावर माझं मन अडलं त्याकडे येते: पक्षी मिळाला नाही तर सहकाऱ्याला काय वाटेल?

मी नागपूरची. मिडवेस्टमध्ये आले आणि पहिल्यांदा टर्कीला गेले तेव्हा ४१ वर्षांची होते. पहिले दोन सीझन मी रिकाम्या हाताने परत आले. ज्यांनी मला शिकवलं ते शेतकरी तेव्हा सत्तरीच्या पुढचे होते, आणि त्यांच्याही खात्यात अशी कितीतरी वर्षं होती. टर्कीची शिकार करणाऱ्या माणसाला रिकामा हात नवा नसतो. तुमच्या सहकाऱ्याने पहाटे तीनला उठून तुम्हाला सोबत न्यायची तयारी दाखवली आहे. त्याला सोबत हवी आहे, आपलं रान कुणाला तरी दाखवायचं आहे. त्याच्यासमोर सिद्ध होण्याची ही परीक्षा आहे, ही समजूत तुमची आहे, त्याची नसावी. ती सोडून द्या, कारण धोका तिथेच आहे. "आज काहीतरी न्यायलाच हवं" अशा मनाने बसलेला माणूस लांबचा बार काढतो, नीट न दिसलेल्या पक्ष्यावर काढतो.

माझ्याकडून ते घडलं आहे. तिसऱ्या वर्षी एक मोठा नर समोरच्या मक्याच्या शेतात आला आणि जवळ यायला तयार होईना. पाऊण तास मी वाट पाहिली. मग मनाशी म्हटलं, चाळीस यार्ड तर असेल. ते पंचावन्नच्या पुढे होतं. पक्षी कोलमडला, उठला आणि एक पंख ओढत ओढ्याच्या झाडीत शिरला. आम्ही दुपारपर्यंत शोधलं. तीन पिसं आणि एका दगडावर रक्ताचा डाग, एवढंच सापडलं. आज इतक्या वर्षांनीही शेतापलीकडची ती झाडी डोळ्यांसमोर येते. तुम्हाला मी जे काही सांगते आहे त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं त्या झाडीतून आलेलं आहे, म्हणून एकच माप लक्षात ठेवा. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची असते. दीड खेळपट्टीच्या पलीकडचा पक्षी पहिल्या वर्षी तुमचा नाही. बसायच्या जागेपासून पावलं मोजून एखादं झाड, एखादा दगड हेरून ठेवा आणि त्या रेषेच्या आत येईपर्यंत बोट चापावर नेऊ नका.

आणि अपराधाची टोचणी? "विकतचं चालतं तर हे का नको," हा तुमचा युक्तिवाद बरोबर आहे, पण तो तुम्हाला पुरत नाही, हे तुमच्याच लक्षात आलं आहे. दुकानातल्या चिकनमध्ये मारण्याचं काम कुणीतरी आपल्या वतीने केलेलं असतं. इथे वीस-पंचवीस यार्डांवर जिवंत पक्षी असेल. पिसारा फुललेला, डोकं क्षणात लाल, क्षणात पांढरं-निळं होणारं, आणि चाप तुमच्या बोटाखाली. काहींना ते जमतं, काहींना ऐन वेळी नको वाटतं. दोन्ही माणसं मी पाहिली आहेत आणि दोघांबद्दलही मला आदर आहे. जायच्या आधी सहकाऱ्याला सांगून ठेवा की, "कदाचित मी बार काढणार नाही." त्याला हे ऐकून नवल वाटणार नाही. आणि तुमचा हात मोकळा राहील.

आपल्याकडे "शिकार" हा शब्दच जड झाला आहे. एक तर संस्थानिकांचे वाघावर पाय ठेवून काढलेले फोटो आठवतात, नाहीतर पेपरातली तस्करीची बातमी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्या रानांत शिकार हा गुन्हाच झाला, आणि उरलेलं जंगल पाहता ते योग्यच झालं. अमेरिकेत वाट वेगळी निघाली. विस्कॉन्सिनमधली शेवटची रानटर्की १८८१ मध्ये मारली गेली असं सांगतात. बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांनी पक्षी संपला. पुढे पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी सोडून पाहिले, ते रानात टिकले नाहीत. १९७६ मध्ये मिसुरी राज्यातून पकडून आणलेले खरे रानपक्षी सोडले, तेव्हा ते रुजले. त्या बदल्यात विस्कॉन्सिनने मिसुरीला ग्राउज पक्षी दिले. वसंतातली शिकार पुन्हा सुरू झाली ती १९८३ मध्ये. आणि मिसुरीचे ते पहिले पक्षी सोडले कुठे, तर व्हर्नन काउंटीत. म्हणजे तुमच्या सहकाऱ्याच्या शेतावर ओरडणारा नर हा त्या पक्ष्यांचा वंशज असायला हरकत नाही. त्याच्या वडिलांना विचारा. त्यांच्या लहानपणी तिथे टर्की नव्हती, हे ते स्वतः सांगतील.

या सगळ्यासाठी पैसा आला कुठून, तर बराचसा शिकाऱ्यांच्याच खिशातून. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसं यांवर ११ टक्के अबकारी कर आहे, आणि तो राज्यांना वन्यजीवांच्या कामासाठी मिळतो. वसंतात टॅग मिळतो तो दाढीवाल्या पक्ष्याचा. दाढी म्हणजे छातीवरून लोंबणारा राठ केसांसारखा झुपका. नर अंड्यांवर बसत नाही, पिल्लं सांभाळत नाही, आणि बरीचशी जुगणी उरकल्यावरच सीझन उघडतात. म्हणून नेमाने केलेली शिकार पक्ष्यांना पेलते. याने आईची माळ आणि तुमची टोचणी यांचं उत्तर मिळत नाही, ते मला कळतं. पण तुम्ही ज्यात पाय टाकताय ते लपूनछपून करायचं काम नाही, एवढं तरी मनात स्वच्छ असू द्या.

आता तयारीचं. दोन महिने पुरतात का? बंदुकीसाठी पुरतात. कानांसाठी आजपासून लागा.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी सहकाऱ्याबरोबर शेतावर जा. परवाना नको, बंदूक नको, थर्मास आणि जाड मोजे हवेत. सूर्य उगवायच्या तासभर आधी टेकडीच्या माथ्यावर पोहोचा आणि उभे राहा. आधी काहीच नसतं. मग एक लाल कार्डिनल शीळ घालतो. खालच्या ओलसर गवतातून सँडहिल क्रौंचांचा कर्कश खुळखुळा उठतो. दरीतून बार्ड जातीचं घुबड आठ घुत्कारांची आपली ओळ म्हणतं, आणि त्या शेवटच्या घुत्कारावर, जणू कुणी डिवचल्यासारखा, ओकच्या फांदीवरून नर ओरडतो. गळ्यात गारगोट्या ढवळल्यासारखा तो आवाज अर्ध्या मैलावर ऐकू येतो. टर्की रात्री झाडावर झोपते आणि उजाडता उजाडता खाली उतरते. एवढ्या थोराड पक्ष्याचे पंख फांद्यांवर आपटत खाली येतात तेव्हा वाटतं, कुणी सतरंजी झटकतंय. उतरल्यावर तो कोणत्या धारेने जातो, कोणत्या कुरणाच्या कोपऱ्यात पिसारा फुलवतो, हे तीन-चार शनिवार नुसतं पाहा. वहीत लिहा. मे महिन्यात तुम्ही कुठे बसायचं, हे त्या वहीत आधीच लिहिलेलं असेल. पत्नी आणि मुलगी यांनाही एकदा न्या. बंदूक नसलेली ती पहाट त्यांचीही आहे.

फार जवळ आलेल्या नराचा आणखी एक आवाज असतो, तो कानाला कमी आणि छातीला जास्त कळतो. दूर कुठे विसर्जनाच्या मिरवणुकीतला ढोल वाऱ्याने अर्धवट आणावा तसा. तो जाणवला की समजा, पक्षी साठ पावलांच्या आत आहे आणि तुम्हाला दिसत नाही. तेव्हा पापणीही हलवू नका. टर्कीला वास जवळजवळ येत नाही, पण नजर अशी की गुडघ्याची चुळबूळही तिला दिसते. माझं पहिलं वर्ष डाव्या गुडघ्याला आलेल्या पेटक्याने गेलं. म्हणून जाड उशी न्या, झाडाला टेकून बसा आणि बंदूक आधीच गुडघ्यावर रोखलेली असू द्या.

हाका मारायचं काम यंदा सहकाऱ्यावर सोपवा. पाटीच्या चकतीवर काडी घासून काढायची हाक नवशिक्याला लवकर जमते, ती घरी मुलीबरोबर शिका. आपल्याकडे पारधी लोक पिंजऱ्यातल्या पाळीव तित्तिराच्या आवाजावर रानातले तित्तिर फाशाकडे आणत. विद्या तीच आहे. इथे तुम्ही मादीचा आवाज काढता आणि नराला स्वतःकडे बोलावता. पण रानाचा नेम उलटा असतो: नर ओरडतो आणि मादी त्याच्याकडे जाते. म्हणून तो अडून बसतो, पुन्हा पुन्हा ओरडतो, आणि "ती का येत नाही" अशी वाट पाहतो. त्याने उत्तर दिलं की बहुतेक नवशिके हाकांचा मारा करतात. गप्प राहा. गप्प बसलेल्या मादीला शोधायला तो येतो.

आणि एक गोष्ट कुठल्याही परिस्थितीत करायची नाही: आवाजाच्या दिशेने झाडीतून लपतछपत जायचं नाही. तो आवाज दुसऱ्या शिकाऱ्याच्या हाकेचा असू शकतो, आणि तुमची हालचाल त्याला पक्षी वाटू शकते. टर्कीच्या शिकारीतले बरेच अपघात असेच होतात. लाल, पांढरा, निळा हे नराच्या डोक्याचे रंग. त्यामुळे त्या रंगाचं काहीही अंगावर नको. गळ्यातून डोकावणारा पांढरा बनियन नको, लाल मोजे नकोत, नाक पुसायला पांढरा टिशूदेखील काढू नका. पाठीमागे खांद्यांपेक्षा रुंद झाड हवं. दुसरा माणूस येताना दिसला तर हात हलवू नका, शीळ घालू नका, मोठ्याने स्पष्ट बोला: "इथे माणूस आहे." नराला भुलवायला मांडायचा नकली पक्षी आणि मिळालेला पक्षी दोन्ही नेताना पिशवीत झाकून न्या, वर नारिंगी कापड बांधा. खाजगी शेत असलं तरी हे सगळं लागू. बांधापलीकडून कोण कधी येईल, सांगता येत नाही.

बंदुकीचा प्रश्न आता. वीस गेज. आजची काडतुसं पाहता दीड खेळपट्टीच्या आत ती पुरून उरते, आणि खांद्याला कमी धक्का बसतो. धक्क्याची धास्ती घेतलेला माणूस चाप ओढताना डोळे मिटतो. नळीच्या तोंडाला घट्ट चोक, म्हणजे छर्रे फार पसरू न देणारा अरुंद भाग, असू द्या. परवाना हातात आल्यावर, म्हणजे एप्रिलमध्ये, कागदावर टर्कीचं डोकं-मान काढून वीस आणि तीस यार्डांवरून बार काढून पाहा. छर्रे कुठे पडतात ते स्वतः मोजा. नेम फक्त डोकं आणि मान यांवर. पिसारा फुलवलेला नर मान आत ओढून घेतो, तेव्हा थांबा. सहकारी एक बारीक हाक देईल, पक्षी मान वर काढेल, तो क्षण. मागे काय आहे ते दिसत नसेल, दाढी दिसत नसेल, शेजारी मादी चिकटून उभी असेल, तर नाही. धनुष्य किंवा क्रॉसबो केंद्रीय कायद्याच्या दृष्टीने बंदूक नाही, म्हणून व्हिसावरचे काही जण तिकडे वळतात. वळायचं तर वळा, पण त्याला महिनोन् महिने सराव हवा. अर्ध्या तयारीने मारलेला बाण पक्ष्याला जखमी करून सोडतो.

बार लागला तर सेफ्टी लावून लगेच पक्ष्याजवळ जा. प्राण गेल्यावरही तो बराच वेळ पंख आपटतो. ते पाहताना पोटात कालवतं, मला अजूनही कालवतं. पायामागच्या अणकुचीदार नखीपासून जपा. नोंदणी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत ऑनलाइन किंवा फोनवर करावी लागते. मेची दुपार तापते, तेव्हा पोट साफ करून मांस लवकर बर्फात घाला. छातीचं मांस अगदी कोरडं असतं. ते आडव्या धाग्याने पातळ कापून झटपट परता. पायांत शिरा फार. त्यांना कुकरच्या सात-आठ शिट्ट्या आणि भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण. छर्रे राहिलेत का, हे बोटाने चाचपून पाहा, नाहीतर मुलीच्या दाताखाली येईल.

घरी परतल्यावर आधी कपडे धुवायला आणि स्वतः न्हाणीघरात. विस्कॉन्सिनच्या रानात मे महिन्यात गोचीड असतात आणि त्यांच्यापासून लाइम नावाचा आजार होतो. कपड्यांवर आदल्या दिवशी पर्मेथ्रिन हे कीटकनाशक फवारून वाळवा, कातडीवर नाही. गुडघ्यामागे, काखेत, केसांत पत्नीकडून तपासून घ्या.

इतर राज्यांतल्या वाचकांनी यातल्या तारखा उचलू नयेत. काही राज्यांत दुपारी शिकार थांबवावी लागते, काही ठिकाणी नियम वर्षागणिक बदलतात, कारण पक्षी कमी होऊ लागले आहेत. आपल्या राज्याची चालू वर्षाची नियमपुस्तिका वाचा.

आईंचं राहिलं. तुम्ही लिहिलंत की त्या घरात असताना चिकन अंगणातल्या चुलीवर शिजायचं. म्हणजे त्यांनी तुमच्या ताटावर बंदी घातली नव्हती, आपल्या चुलीची सीमा आखली होती, आणि तुम्ही सगळे ती पाळत होतात. तुमच्या पत्नीनेही उंबऱ्याशी तशीच रेघ मारली आहे. दोघींना तुम्ही नकार देणाऱ्या बायका म्हणून मोजताय, मला तसं दिसत नाही. आईंना सीझनच्या आधी फोनवर सांगा. फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकून कळवू नका. समजावू नका, दुकानातल्या चिकनचा दाखला तर अजिबात देऊ नका. "मी जाणार आहे, तुला आधी सांगावंसं वाटलं," एवढं पुरे. त्या गप्प होतील. कदाचित विचारतील, पक्षी केवढा असतो. आणि पुढे कधी त्या तुमच्याकडे राहायला येतील, तेव्हा ते मांस तुमच्या स्वयंपाकघरात नको. उरलेली पिशवी तोवर सहकाऱ्याच्या फ्रीझरमध्ये राहू द्या.